बाळसेदार शेवया

मित्रा या चिमुरडीनं तोंड उघडलं, तेही आईच्या हातासमोर. उदोन या जाड जपानी शेवईचा तुकडा आत गेला आणि आजीनं, सुमनबाईंनी अडवून धरलेला श्वास सोडला. पाठोपाठ मित्राच्या जुळ्या भावानं, सुमेधनंही आ केला.

हा दिवस उजाडायला सारा हिवाळा गेला होता. सुमनबाईंच्या लेकाला, रविकांतला जपानमध्ये नोकरी लागली, तेव्हापासून विष्णुपुरीच्या या घरात एकच घोर होता. अडीच वर्षांची ही जोडगोळी आजीच्या हाताशिवाय अन्नाला शिवत नव्हती, आणि आजीच्या हातात कायम दूध-भाकरी. "आई, तिकडं ज्वारी मिळत न्हाई," रविकांत म्हणाला होता. "तिकडच्या जेवणाची सवय तूच लाव. आन् हळूहळू त्यांच्या आईच्या हातानं खाऊ दे. तू कधी आजारी पडलीस तर?"

सुमनबाईंना पटलं. आपणही सोबत जाणार, या एका आशेवर त्या उतारवयात नवी विद्या शिकायला बसल्या. सून धम्मप्रिया मोबाइलवर व्हिडिओ लावायची. त्या कणीक घट्ट मळायच्या, ओल्या फडक्याखाली मुरू द्यायच्या, मग जाड लाटून, घडी घालून सुरीनं कापायच्या. "ह्या तर आपल्याच शेवया की, जरा बाळसं धरलेल्या," असं म्हणून सुनेला हसवायच्या. उकडून बोटाच्या पेराएवढे तुकडे, गाजर-भोपळ्याचं सार, वाफवलेला पालक आणि मीठ अगदी नावाला. लेकरांनी आधी थुंकलं, मग भिंतीवर फेकलं, मग एकदाचं खाल्लं. तेव्हा सुमनबाईंनी वाटी सुनेच्या हाती दिली आणि स्वतः दाराआड उभ्या राहू लागल्या. लेकरं आजीसाठी टाहो फोडायची. त्या पदर तोंडात धरून तिथंच थांबायच्या.

आज वाटी रिकामी झाली. धम्मप्रिया ती विसळायला मागच्या मोरीकडे गेली. सुमनबाई हरखून लेकाला म्हणाल्या, "फत्ते झाली बघ! आता माळ्यावरची माझी ब्याग काढ. तिकडं लई थंडी असती म्हणतेत."

रविकांतनं मान वर केली नाही. "आई, तुझं तिकीट काढलं न्हाई. धम्माचं म्हणणं पडलं, तुला तिकडं करमायचं न्हाई. लेकरं आता तिच्या हातानं खातेत की."

सुमनबाईंच्या मनात आलं, म्हणजे लेकरांना आपल्यापासून तोडायचं कामही आपल्याच हातून करून घेतलं! एवढे दिवस ही पोरगी मांडीला मांडी लावून बसली, आत्याबाई आत्याबाई करत हसली, आणि पोटात हे? असा दगा वैऱ्यानंही दिला नसता. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

धम्मप्रिया हात पुसत आत आली. सासूला तसं पाहून ती लगबगीनं जवळ बसली.

"आत्याबाई, लेकरांना सोडून तुम्हाला तरी राहवणार हाय का? अजूनबी इचार करा की," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "मी ह्यांना रोज म्हणून राहिले, आईंना घेऊनच चला. पण हे म्हणतेत, तुम्हीच यायला तयार न्हाईत."