हळदीचा पाला

नानासोंनी हळदीच्या पाल्याचा भारा प्रयोगशाळेच्या दारात टाकला आणि दिसेल त्या स्टुलावर बसकण मारली. कारखान्यातली रात्रपाळी करून ते कुपवाडहून थेट विश्रामबागेत, लेकीच्या कॉलेजात आले होते. अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आबा, ह्ये बघा," पूजा म्हणाली. ॲसिडच्या दोन काचपात्रांतून तिनं पोलादाच्या दोन पट्ट्या चिमट्यानं वर काढल्या. एक खाऊन खाऊन पत्रावळीएवढी पातळ झाली होती. दुसरी होती तशीच होती. "हिच्या ॲसिडात तुमी मागं आणल्याल्या पाल्याचा अर्क घातलावता. त्याचा थर बसतोय पोलादावर, मग ॲसिड खात न्हाई त्याला."

नानासोंना लेकीचं कौतुक वाटलं. त्यांचा सगळा जन्म ॲसिडच्या टाकीवर, सळ्यांचा गंज उतरवण्यात गेला होता. वाफ बाधू नये म्हणून टाकीवरची माणसं गालात गुळाचा खडा धरत. वाफ काय गुळाला भुलते? तिनं करायचं ते केलंच. नानासोंचे पुढचे दात झिजून हिरडीला टेकले होते. भाकरी दुधात कुस्करावी लागे, जिना चढला की धाप लागे.

म्हणून तर उद्यापासून त्यांच्या जागी सूरज, त्यांचा धाकटा, टाकीवर उभा राहणार होता. मालक हो म्हणाला होता. येताना नानासोंनी त्याच्यासाठी ताज्या गुळाची पुडीही घेतली होती. आता आपण उन्हात पाय पसरून बसायचं, एवढ्या एका आशेवर त्यांनी हा हिवाळा ढकलला होता.

ते त्या झिजलेल्या पट्टीकडं बघत राहिले.

"पोरी, हिला आता त्यो अर्क लावला तर गं?"

"काय उपेग न्हाई, आबा. आधीच घालाय लागतोय. गेलेलं परत भरून येत न्हाई."

 नानासोंनी खिशातून फोन काढून सूरजला लावला.

"उद्या टाकीवर यिऊ नगंस... का म्हंजी? न्हाई म्हनलं न्हवं! दुसरं कायबी काम बघ. न्हाई गावलं तर घरात बस."

"आन् तुमी, आबा?" पूजानं विचारलं.

नानासो गुडघ्यावर हात टेकून उठले. सूरजसाठी घेतलेली पुडी त्यांनी सोडली, त्यातला एक खडा उचलला आणि आपल्याच गालात धरला.