आजीचा खोकला

भर समुद्रात तेलविहिरीवर काम करणारे बाबा रोज संध्याकाळी घरातल्या चाकांच्या यंत्रात ‘येतात’. यंत्राच्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसतो आणि कुठला आवाज कुठल्या बाजूने आला, ते त्यांना तिकडे हेडफोनमध्ये बरोब्बर कळतं.

आजीला दवाखान्यात ठेवून तीन दिवस झाले होते.

"बाबांना कळलं तर काम टाकून धावत येतील आणि नोकरी जाईल," असं म्हणत आईने दुपारीच रेकॉर्ड करून आणलेला आजीचा खोकला लेकीच्या, भिंगरीच्या, खिशातल्या फोनवर लावला. "आजीच्या खोलीच्या दाराला चिकटून उभी राहा. जागची हललीस तर बघ!"

"आजी झोपली का गं?" बाबांनी विचारलं.

"हो, ऐका ना, खोकतेय," भिंगरी म्हणाली.

"जेवली? औषध घेतलं?"

प्रत्येक प्रश्नाला भिंगरी ‘हो’ म्हणत होती. खोटं बोलताना तिचे पाय काही थाऱ्यावर राहीनात. दारापासून खिडकी, खिडकीपासून यंत्राच्या मागे, अशा तिच्या चकरा सुरू झाल्या, आणि खिशातली आजी इमानेइतबारे खोकत राहिली.

बाबांनी यंत्र गर्रकन तिच्याकडे वळवलं.



"भिंगरे, गुडघे धरून चालणारी माझी आई आत्ता माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून गेली. खरं सांग, कुठल्या दवाखान्यात आहे ती?"