चादरीचा कोपरा

"करा सही, वहिनी. उगाच ताणू नका," नणंद टेबलाच्या पलीकडून म्हणाली.

वहिनीच्या हातातलं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

गेल्या महिन्यापर्यंत हीच नणंद टेबलाच्या अलीकडे, तिच्या उजव्या हाताला बसायची. दवाखान्याच्या धुलाईखात्यातल्या बायकांची पुढारी वहिनी. बोलायची तीच. पण कधी बोलायचं आणि कधी तोंड मिटायचं, ते नणंद ठरवायची. आता नणंदेला देखरेखीचं काम मिळालं होतं आणि तिची खुर्ची साहेबांच्या शेजारी गेली होती.

साहेब म्हणाले, "धुलाईचं काम बाहेर द्यायचं ठरलंच आहे. सही केलीत तर निम्म्या बायका तरी राहतील. नाहीतर मी उठतो. मग सगळ्याच घरी."

नणंदेच्या जागी आज इस्त्रीवाली बसली होती. ती वहिनीच्या कानाशी लागली. "खुर्ची मिळाली नि बाई पालटली बघा."

"ते राहू दे. सही करू की नको?"

"मला काय विचारता? मला कपड्याच्या सुरकुत्या कळतात, कागदाच्या नाही."

वहिनीनं पुन्हा कागदाकडे पाहिलं. वर पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा फडफडायला लागला, तशी नणंदेनं तो चिमटीत धरला.

वहिनीची नजर त्या चिमटीवरच अडकली.

धुलाईखात्यात यंत्रांच्या घरघरीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. ओल्या चादरीच्या एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. नणंदेनं तळहात उघडला की सोडायचं. कोपरा चिमटीत धरला की धरून ठेवायचं, ढिलं पडू द्यायचं नाही. तीच खूण पुढे या टेबलावरही चालत आली होती.

पण पंखा तर फिरत होता. उडणारा कागद कुणीही धरील. तोंड म्हणतंय ताणू नका. बोटं म्हणताहेत सोडू नका. की बोटं काहीच म्हणत नाहीत? वहिनीनं नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं. नणंद खिडकीबाहेर बघत होती, बसची वाट बघावी तशी.

"वन्सं, घरी सगळं बरं ना?" वहिनीनं उगीचच विचारलं.

"बरंय की. तुमच्या भाच्याला सर्दी झालीय."

सर्दीवरून काही कळेना. राहणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. मग जाणाऱ्या आल्या. कोण राहणार आणि कोण जाणार, हे तर कागदावर नव्हतंच.

"करताय ना?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"साहेब, तो पंखा जरा बंद करता का?"

"एवढ्या उकाड्यात?"

"डोकं गरगरतंय माझं."

साहेबांनी चडफडत बटण दाबलं. पाती रेंगाळत रेंगाळत थांबली. टेबलावरचे सगळे कागद गप्प पडले. खोलीत एकदम कोंडल्यासारखं झालं.

नणंदेनं डाव्या हातानं कपाळावरचा घाम पुसला. उजवा हात हलला नाही. कोपरा चिमटीत तसाच होता, आणि नखं पांढरी पडली होती.

वहिनीनं पेनाला टोपण लावलं. "नाही जमायचं, साहेब."

"अहो, काय केलंत हे!" इस्त्रीवालीनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. उठतील असं वाटलं. मग त्यांनी खुर्चीच पुढे ओढली.

"बरं, तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"पंखा लावू का आता?" नणंदेनं विचारलं, आणि कोपरा सोडला.