बिनसुताचा माग

सुट्टीच्या दिवशीसुद्धा जेवण झालं की अप्पा आमच्या चादरीच्या कारखान्यात जायचे. "कोण बाई येते तितं, बघून ये की," म्हणत आईनं मला पिटाळलं. मी तर काय, एका पायावर तयार! सायकल लांबच लावली आणि दारातून हळूच डोकावले. बाई नव्हती, कामगार नव्हते. अप्पा एकटेच स्टुलावर बसलेले आणि समोर एक माग खडखडत होता. त्यावर सूतच नव्हतं!

"अप्पा, चादर कुटं हाय?"

ते दचकले. "घरी जा तू."

मी सरळ मागाचा खटका पाडला.

"बंद नको करू गं! शांत झालं की छाती लई धडधडते. मागाच्या आवाजात कळत न्हाय."

"नुसतं बसल्यावर पण? चक्कर येते?"

"परवापासनं दोनदा आली."

त्यांच्या शर्टाचा खिसा उडताना मला दिसत होता. मी रिक्षा थांबवली.

"आईला काय सांगणार?" रिक्षात त्यांनी हळूच विचारलं.

"थेट दवाखान्यात ये म्हणून. तिनं संशय घेतला म्हणून तर सापडलात तुमी!"