बोटीवरचा फ्रीज

मोरेश्वरने बोटीवरचा छोटा फ्रीज उघडला, तर आतल्या कुप्या हाताला कोमट लागल्या.

"बंद कुणी केला हा?"

"मी," सुकाणूवर बसलेला त्याचा मेहुणा दिगू म्हणाला. "बॅटरी उतरलीय, भावोजी. निदान वायरलेस तरी चालायला हवा. आणि आत आहेच काय? ताईचं इन्सुलिन. तिला जाऊन दोन महिने झाले."

मोरेश्वरच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. या शिडाच्या बोटीवर सौर पॅनेल आणि बॅटरी त्याने बसवली होती ती या कुप्यांसाठीच. त्या थंड राहिल्या म्हणून तर सुमती त्याच्यासोबत पार गोव्यापर्यंत आली होती.

"माझ्या बोटीवरच्या वस्तूंना हात लावायचा नाही. मासे धरायला आलायस ना? मग मासे धर."

"तुमची बायको होती, तशी माझी बहीण होती ती," दिगूचाही आवाज चढला. "आता कुणाला टोचणार आहात ते औषध?"

मोरेश्वरने फ्रीजचं बटण दाबलं. फ्रीज जरासा घरघरला आणि गप्प झाला. त्याने वर पाहिलं. वाऱ्याने फुगलेल्या शिडाची सावली नेमकी पॅनेलवर पडली होती.

"शीड उतरव."

"उतरवलं तर भर समुद्रात अडकून पडू. इंजिन आहे का आपल्याकडे?"

"अडकू दे. ऊन आहे तोवर बॅटरी भरेल."

दिगूने एक सणसणीत शिवी हासडली आणि शिडाचा दोर सोडायला घेतला.