मैत्री नगरातली भिंत

विटांची ट्रॉली दोन्ही इमारतींच्या बरोबर मधोमध रिकामी झाली, तेव्हा केशरबाई नळावर होती. गवंड्यानं दोरी ताणली, फक्कीनं रेघ ओढली. केशरबाईनं हंडा तसाच सोडला आणि त्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

"काय बांधून राह्यलास, बाबा?"

"भिंत, मावशी. सात फुटी."

"कोनी सांगितलं?"

"नगरपालिकेचा हुकूम हाय. बाकी मला काय म्हाईत न्हाई."

केशरबाईचं डोकं सणकलं.

या जागेवर आधी नगरपालिकेच्या सफाई कामगारांची पत्र्याची चाळ होती. सव्वीस खोल्या. केशरबाईचा नवरा भिवा एकतीस वर्षं पालिकेत झाडू मारत होता, म्हणून त्यांना त्यातली एक मिळालेली. शहाण्णव साली ठरलं, की चाळ पाडून नवी वस्ती करायची. पुढं विकायचे फ्लॅट, मागं चाळीतल्या लोकांना घरं. पालिकेचे मोठे साहेब भाषणात म्हणाले, गरीब आणि सुखवस्तू एका अंगणात नांदतील. वस्तीला नावही दिलं, मैत्री नगर. पण नकाशा आला, तर मागच्या इमारतीचं गेट वेगळं, नाल्याच्या अंगाला, आणि मधे भिंत.

तो नकाशा केशरबाईनं हाणून पाडला. ती बियाण्याच्या गोदामात निवडायला जायची. तिथं खाडे करून ती चाळीतल्या बायका घेऊन पालिकेच्या दारात सतरा दिवस बसली.

"अंगन एक म्हन्ता ना? मंग गेट बी एकच पायजे. आम्ही काय नाल्यातून ये-जा करायची?" येईल त्या साहेबाला तिनं हेच ऐकवलं. अखेर लेखी मिळालं : एक गेट, एक अंगण, भिंत नाही. त्या दिवशी भिवानं पावशेर गुडीशेव आणली आणि अख्ख्या चाळीत वाटली.

राहायला येऊन आता दोन वर्षं झाली होती. पुढच्या इमारतीत मास्तर, डॉक्टर, कापसाचे व्यापारी. मागं हे सव्वीस संसार. केशरबाई सकाळी सातला गोदामात जायची ती दिवेलागणीला परत यायची. भिवा रिटायर झालेला. तोही दिवस उजाडताच राजूरच्या रस्त्यानं फिरायला निघायचा आणि दुपार उलटल्याशिवाय घरी फिरकायचा नाही. म्हाताऱ्याला फिरायचं खूळ लागलं, असं ती शेजारणींना सांगून हसायची.

आज गोदामाला सुट्टी होती, म्हणून तरी ही रेघ तिला दिसली.

ती तरातरा घरात आली. भिवा पायात चपला सरकवत होता.

"आवो, भिंत घालून राह्यले अंगनात! आन् तुम्ही कुठं निघाले?"

"घालू दे की, केशर. आपलं काय जातं?"

"काय जातं? सतरा दिवस उन्हात बसल्ते मी! आपन काय म्हारोगी हाओत, आडोसा करायला?"

"नको वाढवू," भिवा तिच्याकडं न बघता म्हणाला.

"तुम्ही जल्माचे असेच. मान खाली घालून झाडत राह्यले, तशीच मान ठेवा."

दार लोटून भिवा निघून गेला.

शेजारची सत्यशीला तेव्हा तिच्याबरोबर पालिकेच्या दारात बसलेली. केशरबाईनं तिला हाक मारली.

"जाऊ द्या, आत्या," सत्यशीला पोळपाटावरून नजर न काढता म्हणाली. "मला आज वेळ न्हाई."

तिसऱ्या मजल्यावरच्या गिरिजाबाईचे गुडघे दुखत होते. उषाबाईकडं पाहुणे आले होते. सगळ्या फितल्या, केशरबाईला वाटलं. पक्कं घर मिळालं आणि जिभा आत गेल्या.

ती एकटीच पुढच्या इमारतीत गेली. तिथले सेक्रेटरी अप्पाराव पेपर वाचत होते.

"तुमच्या पोटात दुखत व्हतं, तर मला सांगायचं. भिंत कशाला मागितली?"

"आम्ही?" अप्पारावांनी पेपर खाली ठेवला. "बाई, आमचा तर विरोध आहे. भिंत झाली तर अडचण आमचीच होणार. कुणाचा अर्ज गेलाय, ते पालिकेत जाऊन विचारा."

काय गोड बोलतोय, असं मनात म्हणत केशरबाई तडक पालिकेत पोचली. रखमाजी कारकून तिला त्या सतरा दिवसांच्या धरण्यापासून ओळखत होता.

"भिंतीचा अर्ज काढा. कोन्या फ्लॅटवाल्याची सही हाय, ते नाव मला पायजे."

रखमाजीनं फाइल उघडली, दोन ओळी वाचल्या आणि मिटली. "राहू द्या, बाई."

"मला वाचता येत न्हाई, म्हनून लपवता व्हय? वाचा. नायतर आजपासून पुन्हा बसते दारात."

रखमाजीनं चष्मा लावला.

"आम्ही खाली सह्या करणारे, मैत्री नगरच्या मागच्या इमारतीतले रहिवासी," तो वाचू लागला. "पुढच्या इमारतीत संडास तुंबला, कुत्रं मेलं, की तिथले लोक अंगण ओलांडून आमच्या दारात येतात. एकेरी नावानं हाका मारतात. आमच्यातले कैक जण रिटायर झाले, हे सांगून ऐकत नाहीत. नातवंडांदेखत साफ करायला हातात बांबू देतात. सकाळी घरात थांबायची सोय राहिली नाही. तरी मधे भिंत घालून आम्हाला नाल्याच्या बाजूनं वेगळं गेट द्यावं, ही विनंती."

केशरबाईनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"पयली सही कोनाची?"

"सही नाही, अंगठा आहे. भिवा सखाराम मगरे." रखमाजी थांबला. "त्यांनी खाली एक ओळ जादा लिहून घेतलीय. 'माझी मंडळी विचारायला आली, तर भिंत साहेबांनीच ठरवली असं सांगावं.'"