हृषीचा आवाज

पेन्शनीत भागतं आणि एकट्या बाईला भीती नाही, म्हणून केतकी निवृत्तीनंतर परदेशातल्या त्या गावी राहायला आली. तिथे ज्याच्या त्याच्या कानात दुभाषी यंत्र असायचं. केतकीनं आपल्या यंत्रात गेलेल्या नवऱ्याचा, हृषीचा आवाज भरून घेतला होता. सगळं गाव तिच्याशी त्याच्याच आवाजात मराठी बोलायचं.

“पालक घे गं, कोवळा आहे,” म्हातारी भाजीवाली म्हणाली.

केतकीला हसू आलं. हृषीनं जन्मात पालक खाल्ला नव्हता.

“आजी, मला एकदा ‘जेवलीस का’ असं विचाराल?”

“हे काय भलतंच! आमच्याकडे असं कुणी विचारत नाही, बाई.”

“म्हणून तर.”

म्हातारी हसली. भाजी बांधता बांधता म्हणाली, “बरं, जेवलीस का गं?”

केतकीनं डोळे मिटले.

“नाही रे,” ती म्हणाली, “तुझ्यासाठीच थांबलेय.”